आंबवण कुजतंय, अंडी घटली, कवच पातळ: १४ कोंबड्यांचं खाद्य नेमकं कुठे चुकतंय?

खुराडं_चिपळूण (प्रश्न)

नमस्कार मंडळी. परसात १२ माद्या आणि २ कोंबडे आहेत. माद्यांपैकी ७ गिरिराज (सुधारित जात), बाकी गावरान. शिवाय ४ आठवड्यांची ९ पिल्लं. एरवी दिवसभर आवारात मोकळी असतात, पण सध्या पाऊस मुसळधार, त्यामुळे चरणं नाहीच म्हणा. महिन्याभरापासून आंबवलेलं खाद्य सुरू केलंय. माझी पद्धत लिहिते, चूक दाखवा.

दीड किलो तयार लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं दळलेलं खाद्य), ३ लिटर पाणी, प्लास्टिकची बादली, घट्ट झाकण, ३ दिवस. वास ताकासारखा यायला हवा असं वाचलं होतं, मला गटारासारखा येतोय. वर पांढरट साय धरते.

अझोल्याचा (पाण्यावर वाढणाऱ्या शेवाळासारख्या वनस्पतीचा) एक वाफा केलाय, रोज किलोभर निघतो. तो सुरू केल्यावर मॅश निम्मी केली, कारण अझोल्यात २५ टक्के प्रथिनं असतात ना. पूर्वी रोज ८-९ अंडी होती, आता ४-५. कवच इतकं पातळ की उचलताना बोट आत जातं. कॅल्शियमसाठी नाचणी घालते. घरातला उरलेला भात, आमटी, सुकटीची डोकीही जातात. विष्ठा पातळ आहे. पिल्लंही त्याच परातीत खातात.

गावात सरकी पेंड स्वस्त मिळते, ती चालेल का? आणि वाळवी किंवा त्या काळ्या माशीच्या अळ्या घरी करता येतात का?

---

पेंडवाला_वर्धा

ताई, आधी बादलीचं बघू, कारण वासाचं कारण तुमच्या कृतीच्या पहिल्याच ओळीत आहे.

तयार लेअर मॅशमध्ये ८ ते १० टक्के चुनखडी असते. आंबवण म्हणजे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढवायचे आणि त्या आम्लाने कुजवणाऱ्या जिवाणूंना आवरायचं. तुमच्या बादलीत जेवढं आम्ल बनतं तेवढं चुनखडी खाऊन टाकते. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ४.५ च्या खाली यायला हवा, तो वरच अडकतो. दरम्यान मॅशमधली सोया पेंड भिजलेली, कोमट, आम्लाचं संरक्षण नाही, म्हणजे कुजायला मोकळं रान. गटाराचा वास प्रथिनं सडल्याचा आहे. ही बादली केळीच्या बुंध्यात ओता, पक्ष्यांना देऊ नका. ताक मिसळून, आणखी दोन दिवस ठेवून ती सुधारत नाही.

आपल्याकडे गाईला आंबोण ठेवतात त्यात पेंड, चुणी, मीठ सगळं एकत्र भिजतं आणि चार तासांत संपतं. तीच सवय इथे लागू केली की हे होतं. कोंबडीसाठी फक्त धान्य आणि गव्हाचा कोंडा आंबवायचा. पेंड, शिंपला, खनिजं, मीठ, प्रिमिक्स हे सगळं कोरडं वेगळं ठेवायचं आणि घालताना मिसळायचं.

तुमच्या १४ मोठ्या पक्ष्यांसाठी मिश्रण देतो.

आंबवायचा भाग: मक्याचा भरडा ५ किलो २०० ग्रॅम, गव्हाचा कोंडा १ किलो २०० ग्रॅम.

कोरडा भाग: सोया पेंड दीड किलो, शेंगदाणा पेंड १ किलो, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) १५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम, लेअरचं जीवनसत्त्व-खनिज प्रिमिक्स पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात. मिथिओनाइनची (प्रथिनांतल्या एका गरजेच्या घटकाची) पुडी मिळाली तर १० ग्रॅम. नसेल तर शेंगदाणा पेंडीतली ३०० ग्रॅम काढून तेवढी तिळाची पेंड घाला. शेंगदाण्यात मिथिओनाइन कमी असतं, तिळात बरं असतं.

शिंपला यात धरलेला नाही, तो वेगळ्या वाटीत. सगळं मिळून सुमारे ९ किलो होतं, साडेसहा दिवस जातं. रोजचा हिशोब: १ किलो धान्य आंबवायचं आणि खायला घालताना ४०० ग्रॅम कोरडा भाग मिसळायचा. म्हणजे पक्ष्यामागे १०० ग्रॅम कोरडं खाद्य. शिंपला धरून प्रथिनं १७ टक्क्यांच्या आसपास बसतात, जे अंड्यावरच्या कोंबडीला पुरतं.

आता आंबवण्याची कृती.

५ लिटरच्या तीन बरण्या किंवा डबे घ्या, खाद्यपदार्थांसाठीचं प्लास्टिक, काच किंवा चिनी माती. अॅल्युमिनियम, तांबं, पितळ नको. आम्ल धातू खातं आणि तो धातू खाद्यात उतरतो. एका बरणीत ८०० ग्रॅम भरडा, २०० ग्रॅम कोंडा, सव्वा ते दीड लिटर पाणी. धान्य फुगल्यावरही वर दोन बोटं पाणी राहिलं पाहिजे, म्हणून ५-६ तासांनी बघून कमी पडलं तर घाला. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर रात्रभर उघड्या घमेल्यात ठेवून मग वापरा. विरजण म्हणून ५० मिली आंबट, बिनमिठाचं ताक. हे फक्त पहिल्या दिवशी. नंतर तयार बरणीतलं वाटीभर पाणी पुढच्या बरणीत.

भरडा म्हणजे भरडाच. पीठ घेतलंत तर लगदा होतो, मध्ये पाणी फिरत नाही आणि तळाला कुजतं. सकाळ-संध्याकाळ लाकडी पळीने ढवळून वर आलेलं धान्य बुडवा. झाकण सैल ठेवा. घट्ट झाकणामुळे तुमचं कुजलं नाही, आंबवणाऱ्या जिवाणूंना हवा लागतच नाही. पण वायू साठला की झाकण उडतं.

२८ ते ३२ अंशांत २४ ते ३६ तास. इकडे मे महिन्यात १८ तासांतच होतं, सावलीतल्या ओल्या गोणपाटावर बरणी ठेवावी लागते. डिसेंबरात घाटावर तीन दिवस लागतात. बारीक बुडबुडे, ताक-लोणी असा आंबूस वास, धान्य दोन बोटांत सहज दबतं, ही तयार झाल्याची खूण. मत्स्यालयाच्या दुकानात पीएचच्या पट्ट्या मिळतात. ४ ते ४.५ दाखवली की काढा.

तीन बरण्या एकेक दिवसाच्या अंतराने लावा म्हणजे रोज एक तयार मिळते. वर उरलेलं आंबट पाणी फेकू नका, त्यातच कोरडा भाग कालवा. मूठ वळली तर वळावी आणि बोटाने हलकेच फुटावी, इतपत घट्ट. पातळ घातलंत तर पक्षी पाण्यानेच भरतात.

---

तूस_आणि_कोंडा

वरचं मिश्रण बरोबर आहे. अझोला आणि कवच हे दोन मुद्दे राहिलेत, आणि अंडी घटण्याचं खरं कारण त्यातच आहे.

अझोल्यातली २० ते २५ टक्के प्रथिनं ही वाळवलेल्या अझोल्यातली. ओल्या अझोल्यात ९३-९४ टक्के पाणी असतं. तुमच्या रोजच्या १ किलोत कोरडा भाग ६०-७० ग्रॅम, त्यात प्रथिनं साधारण १५ ग्रॅम. अंडी देणाऱ्या एका कोंबडीला दिवसाला १६-१७ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे तुमचा अख्खा वाफा एका कोंबडीलाही पुरत नाही. उलट निम्मी मॅश कमी केल्याने ७०० ग्रॅम खाद्य आणि त्यातली ११० ते १२० ग्रॅम प्रथिनं गेली. अंडी निम्म्यावर आली नसती तरच नवल.

अझोला वाईट नाही. पिवळ्या बलकाला रंग येतो, हिरवं खायला मिळतं, बंदिस्त पक्षी एकमेकांची पिसं कमी टोचतात. पक्ष्यामागे ३०-४० ग्रॅम ओला अझोला वरून द्या, खाद्य न कापता. दिवसाला अर्धा किलो पुरे. उरलेला सावलीत वाळवा. शेणाच्या पाण्यातून काढल्यावर दोन पाण्यांनी धुवा, नाहीतर वासामुळे पक्षी तोंड लावत नाहीत, आणि शेणातले जंतूही त्यांच्या पोटात जातात.

वाफ्याचं माप विचारलं नाहीत, तरी थोडक्यात: २ मीटर बाय १ मीटर, २० सेंमी खोल, सिलपॉलिनचा (जाड प्लास्टिकचा) कागद, तळाला १० ते १५ किलो चाळलेली माती, २ किलो ताजं शेण पाण्यात कालवून, ३० ग्रॅम सुपर फॉस्फेट, १० सेंमी पाणी. पावसात वरून छप्पर हवं, सरींच्या माऱ्याने अझोला तुटतो आणि पाणी वाहून गेलं की खतही जातं. पानं लालसर झाली तर स्फुरद कमी किंवा ऊन जास्त.

आता कवच. एका अंड्याच्या कवचात २ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही म्हणून कोंबडीला दिवसाला जवळजवळ ४ ग्रॅम द्यावं लागतं. नाचणी कॅल्शियमची खाण वगैरे माणसांच्या हिशोबात. १०० ग्रॅम नाचणीत जेमतेम ०.३५ ग्रॅम असतं. चार ग्रॅमसाठी किलोपेक्षा जास्त नाचणी खावी लागेल आणि कोंबडी दिवसात खाते १०० ग्रॅम. नाचणी धान्य म्हणून घाला, कॅल्शियम म्हणून नको.

तुमच्या किनाऱ्यावर शिंपले, तिसऱ्यांची टरफलं, कालवांची टरफलं मुबलक. धुवा, तव्यावर कडक तापवा, कुटा. पूड करायची नाही. तुरीच्या डाळीएवढे तुकडे हवेत, २ ते ५ मिलिमीटर. कारण कवच मुख्यतः रात्री बनतं. पूड संध्याकाळपर्यंत आतड्यातून निघून गेलेली असते. डाळीएवढा तुकडा कलेजी-पेठ्यातल्या त्या पेठ्यात बसून राहतो आणि रात्रभर हळूहळू विरघळतो. वेगळ्या वाटीत कायम भरून ठेवा, विशेषतः दुपारी तीननंतर. ज्या मादीला गरज आहे ती बरोबर उचलते. कोंबडे फारसे शिवत नाहीत, म्हणूनच वाटी वेगळी.

अंड्याची टरफलंही चालतात, पण तव्यावर १० मिनिटं भाजून आणि चुरून. न चुरता टाकलीत तर पक्ष्यांना अंडी फोडायची सवय लागते आणि ती लागली की सुटत नाही.

दोन आठवड्यांत कवच सुधारलं नाही तर मग कारण आहारापलीकडचं, तेव्हा डॉक्टरांना दाखवा.

---

पेंडवाला_वर्धा

सरकीबद्दल. इकडे कापसाचा प्रदेश, त्यामुळे हा प्रश्न कायमचाच. अंड्यावरच्या कोंबड्यांना सरकी पेंड नको. त्यात गॉसिपॉल असतं. ते बलकातल्या लोहाशी जुळतं आणि अंडं काही दिवस ठेवलं की बलक हिरवट-तपकिरी होतो. सरकीच्या तेलातले काही स्निग्धाम्ल पांढरा भाग गुलाबी करतात. अंडी विकत असाल तर गिऱ्हाईक परत येणार नाही. आंबवून हे जात नाही. ती गाई-म्हशींची पेंड आहे, त्यांच्या पोटात ती पचवायची सोय आहे. दुभत्या जनावरांचं गोळी खाद्यही टाळा. काही प्रकारांत युरिया असतो आणि कोंबडीला त्याचा उपयोग शून्य, अपाय मात्र आहे.

बाकी स्वस्त पर्यायांवर भराभर:

तांदळाची कणी तुमच्याकडे मिळेल. मक्यातली अर्ध्यापर्यंत बदलली तरी चालतं, पण बलक फिका पडेल, कारण पिवळा रंग मक्यातून येतो. अझोला, शेवग्याचा पाला, झेंडूच्या पाकळ्या ही उणीव भरून काढतात.

तांदळाचा कोंडा चांगला, पण गिरणीतून आणल्यावर आठ-दहा दिवसांत खवट होतो, दमट हवेत त्याहून लवकर. जिभेवर ठेवून बघा. कडवट लागला तर नको. आणि गिरणीवाला कोंडा म्हणून तूस मिसळून देतो की काय तेही बघा. चिमूटभर पाण्यात टाका, तूस वर तरंगतं. तुसात पोषण जवळजवळ नाही.

ज्वारी: पांढरी मालदांडी वगैरे उत्तम. लाल-तपकिरी ज्वारीत टॅनिन असतं, प्रथिनं पचू देत नाही. आंबवून थोडं कमी होतं, तरी धान्याच्या पावभागापेक्षा जास्त नको. खरिपाची पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी स्वस्त विकली जाते. ती बुरशी आहे. फुकट दिली तरी घेऊ नका.

कच्चं सोयाबीन कधीच नको. त्यात प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो, स्वादुपिंड सुजतं. घरचं सोयाबीन असेल तर २०-२५ मिनिटं उकळून, वाळवून, भरडून. बाजारातली सोया पेंड कारखान्यात तापवलेलीच असते.

शेवग्याचा पाला सावलीत वाळवून चुरा, एकूण खाद्याच्या ५ टक्क्यांपर्यंत. सुबाभूळ मात्र जपून: त्यात मिमोसिन नावाचं विष असतं, अंडी घटतात. न घालणंच सोपं.

शेंगदाणा पेंडीचं एक सांगायचं राहिलं, आणि कोकणातल्या पावसात ते फार महत्त्वाचं आहे. ओल धरली की त्यावर पिवळट-हिरवी बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होतं. यकृताचं विष आहे ते. आंबवून, उकळून, उन्हात घालून जात नाही. बुरशी पुसली तरी विष पेंडीत राहतं. मक्यालाही हेच लागू. पावसाळ्यात पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठा करू नका, पत्र्याच्या कोरड्या पिंपात ठेवा, पिंप जमिनीपासून वर लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून वीतभर लांब. मक्याचा दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. दबला तर ओल आहे. चांगली शेंगदाणा पेंड मिळतच नसेल तर चार महिने ती बंद करा आणि सोया पेंड २ किलो ४०० ग्रॅम करा.

---

खुराडं_चिपळूण

खूप आभार. लेअर मॅशची अर्धी गोणी शिल्लक आहे, तिचं काय करू? आणि पांढऱ्या सायीबद्दल कोणी लिहिलं नाही. सुकट बंद करायची का? आणि पिल्लं?

---

तूस_आणि_कोंडा

मॅश वाया घालवू नका. कोरडी द्या, किंवा खायला घालायच्या वेळी त्यावर आंबवलेल्या धान्याचं पाणी शिंपून लगेच द्या. आंबवलेलं धान्य जास्त झालं तर मॅशमधली प्रथिनं पातळ होतात, म्हणून कोरड्या वजनाने तीन भाग मॅशला एक भाग धान्य, त्यापुढे नको. नव्या मिश्रणावर एका दिवसात उडी नको, ७ ते १० दिवसांत हळूहळू.

साय: पांढरी, सपाट, सुरकुतलेली, पातळ चामडीसारखी आणि वास आंबूसच असेल तर ते यीस्ट. चमच्याने काढून टाका, ढवळणं वाढवा. केसाळ, उंच, हिरवी, काळी, गुलाबी काहीही असेल तर अख्खी बरणी टाका, वरचं काढून खालचं वापरायचं नाही. दारूसारखा वास म्हणजे यीस्ट वरचढ झालंय, बहुधा गोड काहीतरी पडलंय किंवा वेळ जास्त झाला. थोड्या दारूसर वासाला घाबरायचं कारण नाही, पण उग्र असेल तर देऊ नका आणि पुढच्या बरणीला त्यातलं पाणी विरजण म्हणून घालू नका. विरजण दर तीन-चार आठवड्यांनी ताज्या ताकाने नव्याने सुरू करा, बरण्या उकळत्या पाण्याने धुवून.

सुकट चांगली, तिच्यातलं मीठ वाईट. खाद्यात मीठ ०.३ टक्के पुरतं. सुकटीची डोकी, आमटी, लोणच्याचा खार मिळून ते कितीतरी वर जातं, पक्षी भरपूर पाणी पितात आणि विष्ठा पातळ होते. तुमच्या पातळ विष्ठेत कुजलेल्या बादलीचा वाटा आहेच, पण मिठाचाही आहे. आमटी बंद. सुकट रात्रभर भिजवून, दोनदा पाणी बदलून, वाळवून, पक्ष्यामागे ५ ग्रॅम. ती देता तेवढे दिवस मिश्रणातलं मीठ अर्धं करा. जास्त दिलीत तर अंड्याला मासळीचा वास लागतो. तुमच्याकडे कोणाला चालेल, पण शाकाहारी गिऱ्हाईक नाक मुरडेल.

भात चालतो, मूठभर. तो पोट भरतो आणि प्रथिनं नसतात, म्हणून "घरातलं उरलेलं" सगळं मिळून एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका. हिरव्या बटाट्याच्या साली, कच्चा राजमा, भरपूर कांदा, चहाचा चोथा, बुरशी आलेली भाकरी हे नको.

एक पथ्य: विष्ठेत रक्त किंवा तांबूस आव दिसली तर खाद्याचा विचार सोडा. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर कॉक्सिडिओसिस (आतड्यातल्या परजीवींचा रोग) होतो, पिल्लांना जास्त. त्यावर औषध लागतं, ताक नव्हे.

---

डालगं_आजरा

पिल्लांचं मी लिहितो. त्यांना त्या परातीतून आजच वेगळं करा. लेअर खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लांना १ टक्का लागतो. जादाचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडात साचतं. वरून पिल्लू ठीक दिसतं, वाढ खुंटते, आणि दोन-तीन महिन्यांनी कारण न कळता मरूही शकतं.

वेगळं खुराडं नसेल तर मोठं डालगं चार विटांवर उलटं ठेवा, खाली १० सेंमी फट. पिल्लं आत जातात, मोठ्यांना जाता येत नाही. आत पिल्लांचं खाद्य. पिल्लं मोठी झाली की फटीची उंची वाढवा, पण फटीतून गावरान मादी डोकं घालून खाद्य ओढते, म्हणून परात अगदी मधोमध.

पिल्लांना पहिले ८ आठवडे २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं हवीत. तयार चिक स्टार्टर घ्या, नऊ पिल्लांना घरी मिश्रण करण्यात राम नाही. आंबवलेलं द्यायचंच असेल तर बारीक भरडा, २४ तासांचा, स्टार्टरमध्ये पाचवा हिस्सा, २० मिनिटांत संपेल एवढाच. ओलं अंगाला लागलं की पिल्लं गारठतात. काही जण दुसऱ्या आठवड्यापासून पूर्ण आंबवलेलंच देतात. मला ते पटत नाही, पावसात तर नाहीच.

भरडा किंवा आख्खं धान्य देताय तर लहान-मोठ्या सगळ्यांना खडे लागतात. सध्या बाहेर सोडत नाही म्हणालात, म्हणून नदीची जाड वाळू धुवून एका वाटीत. शिंपला हा खड्यांना पर्याय नाही, तो विरघळतो.

वाळवी पिल्लांसाठी झकास. जुनं मडकं घ्या, त्यात फाटकं गोणपाट, वाळलं शेण, कडबा किंवा भाताचा पेंढा कोंबून भरा, पाणी शिंपडा. वारुळाजवळ जिथे वाळवीची मातीची नळी दिसते तिथे थोडं खरवडून मडकं उलटं टेकवा, वर दगड. संध्याकाळी ठेवलं की दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, मडकं उचलून पिल्लांसमोर झटका. पावसात वर पत्रा टाका, आत पाणी साचलं तर वाळवी येत नाही. ज्या घराला किंवा बागेला वाळवीचं औषध मारलंय त्याच्या आसपासची वाळवी घेऊ नका.

---

अळीबाग

काळ्या माशीचं, म्हणजे ब्लॅक सोल्जर फ्लायचं. जमतं, पण अपेक्षा मोजक्या ठेवा.

वाळवलेल्या अळीत प्रथिनं ४० टक्क्यांच्या आसपास आणि तेलही भरपूर. ताज्या अळीत मात्र निम्म्याहून जास्त पाणी. कोंबडीमागे १०-१५ ग्रॅम ताज्या अळ्या पुरेत. जास्त दिल्या तर चरबी चढते आणि अंडी कमी होतात. म्हणजे १२ माद्यांना दिवसाला दीडशे ग्रॅम. त्यासाठी २० लिटरचे दोन ड्रम लागतील आणि घरातला ओला कचरा रोज किलोभर तरी हवा.

ड्रमच्या तळाला भोकं, खाली पाणी निथळायला ताट. तळाशी दोन बोटं नारळाची सोडणं बारीक करून किंवा लाकडाचा भुसा. वर भाजीचे देठ, फळांच्या साली, आंबवलेला कोंडा. आंबूस वासाला ही माशी येते. थर १०-१५ सेंमीपेक्षा जाड नको, आत तापतो आणि अळ्या पळतात. कोरूगेटेड खोक्याच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, पन्हळीची भोकं उघडी ठेवून, कचऱ्याच्या वर लटकवा, टेकू देऊ नका. ही मादी कचऱ्यावर नव्हे, जवळच्या फटीत अंडी घालते. अंडी साधारण चार दिवसांत फुटतात, अळी दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते. पूर्ण झालेली अळी काळपट-तपकिरी होते आणि कोरडी जागा शोधत चढते. ड्रममध्ये ३५-४० अंशांच्या चढाने एक फळी लावा, तिच्या टोकाशी डबा. अळ्या आपणहून येऊन पडतात, हात घालावा लागत नाही. दहाव्या हिश्श्याएवढ्या अळ्या डब्यातून परत सोडा, माश्या होण्यासाठी.

फसतं कुठे: पाणी जास्त झालं की अमोनियाचा वास येतो, अळ्या मरतात. भुसा घाला. मुंग्या येतात, म्हणून ड्रमच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. कोकणात जुलैमध्ये जंगली माशी कमी फिरते, सुरुवात सप्टेंबरअखेरीस केलीत तर बरं.

आणि एक सक्त सूचना. मेलेली कोंबडी, उंदीर, मासळी-मटणाचा कचरा यात टाकायचा नाही. सडक्या मांसात बोटुलिझमचं विष तयार होतं, अळ्या ते अंगात घेतात आणि त्या खाऊन कोंबडीची मान लुळी पडते, पंख-पाय गळतात, एक-दोन दिवसांत खेळ संपतो. आवारात मेलेलं काही पडलं असेल तर त्यावरच्या साध्या माशीच्या अळ्यांनीही हेच होतं. दिसलं की खोल पुरा.

---

खुराडं_चिपळूण

नवीन पद्धतीने पहिली बरणी लावली. ३० तास झाले, वास ताकासारखा, पट्टी ५ च्या आसपास दाखवतेय. देऊ का?

---

पेंडवाला_वर्धा

आणखी १२ तास थांबा. पहिली बरणी नेहमी हळू चालते, कारण ताकातल्या जिवाणूंना दूध सवयीचं, धान्य नव्हे. तिसऱ्या-चौथ्या बरणीपासून २४ तासांत ४.५ च्या खाली येईल. ४८ तासांनंतरही ५ च्या वरच असेल तर पाणी चुनखडीचं असण्याची शक्यता, विहिरीचं असेल तर विशेषतः. मग पावसाचं पाणी धरून वापरा, सध्या फुकट आहेच.

द्यायला लागलात की सकाळी खुराडं उघडल्यावर लगेच, अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढंच. ४ इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून पन्हळ करा. एका पक्ष्याला १० सेंमी जागा धरली तर ७५ सेंमी लांबीची पन्हळ दोन्ही बाजूंनी १४ जणांना पुरते. यापेक्षा आखूड असेल तर दुबळ्या माद्या मागे राहतात आणि नेमक्या त्यांचीच अंडी थांबतात. दोन तासांनी उरलेलं उचला, पन्हळ धुवून उलटी ठेवा. एकूण खाद्यातला तिसरा हिस्सा संध्याकाळसाठी राखा: कोरडा भरडा आणि कोरडा भाग त्याच प्रमाणात, म्हणजे रात्री पोटात काहीतरी सावकाश पचणारं राहतं. तेवढं धान्य बरणीतून कमी करा, ६५०-७०० ग्रॅमच आंबवा.

सकाळी गळ्याखालची पिशवी चाचपून बघत जा. रात्रीतून रिकामी झालेली असायला हवी. सकाळीही ती फुगलेली, मऊ, पाण्याच्या फुग्यासारखी आणि तोंडाला आंबट वास असेल तर त्या पक्ष्याचं ओलं खाद्य बंद करून डॉक्टरांना दाखवा. उलटं धरून पिशवी रिकामी करायला जाऊ नका, पाणी श्वासनलिकेत जातं.

---

खुराडं_चिपळूण

विहिरीचंच पाणी आहे. आज छपराच्या पन्हळीखाली पिंप लावलंय.

---

तूस_आणि_कोंडा

पहिल्या सरीचं पाणी सोडून द्या, कौलांवरची घाण आणि पक्ष्यांची विष्ठा त्यात असते. दहा मिनिटांनंतरचं धरा.